सोबतीचा दगड

मंगळवारी सकाळी माझी बायको कामाला गेली. दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. संध्याकाळी ती वारली. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. त्याच्या आधीच्या शनिवारी ती, तिची आई आणि मी धरणावर फिरायला गेलो होतो.

आम्ही नॉटिंगहॅमला राहत होतो. तिथून पीक डिस्ट्रिक्टच्या नॅशनल पार्कमध्ये सकाळी निघून अंधार पडायच्या आत परत येता येतं. सासूबाई दर वर्षी उन्हाळा सुरू झाला की व्हिजिटर व्हिसावर पुण्याहून यायच्या, थंडी वाढली की परत जायच्या. त्या असेपर्यंत आमचे शनिवार डोंगरात जात. आखणी सगळी बायकोची. गुरुवारी जेवणं आटोपली की ती टेबल पुसून नकाशा पसरायची. कोपरे वळू नयेत म्हणून त्यावर लोणच्याची बरणी, मिठाचा डबा, हाताला येईल ते ठेवायची. "आधी टॉयलेट, मग चहा, मग निसर्ग," असा तिचा क्रम होता. आईच्या गुडघ्यांसाठी ती सपाट वाटा शोधायची. बंद पडलेल्या रेल्वेच्या जागी केलेल्या वाटा तिला फार आवडत. मी पुस्तक घेऊन समोर बसलेला असायचो. गाडीत पेट्रोल आहे का, एवढंच मला विचारलं जाई.

निघताना सासूबाई बागेतला एक दगड उचलायच्या. तिघांनी मिळून बाहेर पडू नये, काम बिघडतं, म्हणून सोबतीला चौथा. ही समजूत मी लहानपणी ऐकली होती, पण नॉटिंगहॅममध्ये पुन्हा भेटेल असं वाटलं नव्हतं.

"आई, फॅमिली तिकीट चौघांचं असतं," बायको म्हणायची. "याचे पैसे वाया नाही जाणार."

"चेष्टा कर तू. तुझ्या बाबांनी पण केली होती. गाडी बंद पडली तेव्हा रस्त्यात दगड शोधत बसले."

दिवसभर तो दगड सासूबाईंच्या पर्समध्ये असे. डबा उघडला की बायको एक पुरी त्याच्यापुढे धरायची आणि मग स्वतः खायची. नियम एकच होता. परत आल्यावर दाराबाहेरच त्याला ठेवून द्यायचं. सोबतीला घेतलं त्याला घरात घ्यायचं नाही. का, असं मी एकदा विचारलं. "त्याला घर कळता कामा नये," सासूबाई म्हणाल्या आणि चपला काढू लागल्या.

त्या शेवटच्या शनिवारी चालताना पर्सचं ओझं नको म्हणून बायकोनं दगड आपल्या कोटाच्या खिशात टाकला. परतताना पाऊस लागला. सासूबाई मागच्या सीटवर झोपल्या होत्या. घर आल्यावर त्यांना उठवलं, तिघं धावत आत शिरलो, कोट खुंटीवर गेला. मंगळवारी ती तोच कोट घालून कामाला गेली.

हॉस्पिटलमधून तिच्या वस्तू एका प्लास्टिकच्या पिशवीत मिळाल्या. घड्याळ, फोन, चपट्या टाचांचे बूट, कोट. पिशवी सासूबाईंनी उघडली. खिसे चाचपताना त्यांचा हात थांबला. त्यांनी दगड बाहेर काढला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

तो तिथंच राहिला. अंड्याएवढा, करड्या रंगाचा, एका बाजूला चपटा. सकाळी चहा करायला गेलो की तो ओला असे. घरात दमट हवा होती, खिडकीच्या काचेवर आतून पाणी धरायचं, त्यामुळे दगडही ओला होणार. हे मला समजत होतं. पण शेजारचा मिठाचा डबा कोरडा असायचा. मी फडक्यानं दगड पुसायचो आणि चहाचं पाणी ठेवायचो.

दिवसकार्य आम्ही जमेल तसं केलं. सासूबाईंचा व्हिसा संपत आला होता. पुण्याहून त्यांचा मुलगा रोज फोन करायचा आणि त्या रोज त्याला काहीतरी कारण सांगायच्या. एका संध्याकाळी फोन ठेवल्यावर मी विचारलं, "आई, तुम्हाला जायचं नाहीये का?"

त्या खिडकीकडे बघत होत्या. "तीन गेलो आणि चार आलो," त्या म्हणाल्या. "मग एक जाणारच होतं. मी जागी असते तर दारातच विचारलं असतं, दगड कुठाय म्हणून."

"आई, ती शीर जन्मापासून कमकुवत होती. डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं."

"जन्म मीच दिला ना?"

त्या असंच मानत पुण्याला गेल्या असत्या तर घराबाहेर पडल्या नसत्या, किंवा फार दिवस जगल्या नसत्या. आणि ती असती तर तिनं आईला असं जाऊ दिलं नसतं. माझ्यापुढे तेवढंच एक काम उरलं होतं.

"बागेत ठेवून देऊ का?" मी विचारलं.

"आता कसा ठेवणार? त्याला घर कळलं."

गुरुवारी जेवणानंतर मी टेबल पुसलं आणि नकाशा पसरला. बरणी ठेवली, डबा ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी सहल आखत होतो. धरणाच्या बाजूला तिनं पेन्सिलीनं टॉयलेटची खूण केली होती, बाकांच्या खुणा केल्या होत्या. मला नवं काही शोधावं लागलं नाही. सासूबाई समोर बसल्या होत्या, मी बसायचो त्या खुर्चीत.

"आपण दोघंच आहोत," मी म्हणालो. "दोघांना चौथा लागत नाही. म्हणजे त्याला फक्त पोचवायचं."

"तिघं," त्या म्हणाल्या. "ती आल्याशिवाय राहणार आहे का?"

शनिवारी धुकं होतं. सासूबाईंनी पहाटे उठून तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या. त्या नेहमीसारख्या मागे बसल्या. पुढची सीट बायकोची. पुऱ्यांची आणि थर्मासची पिशवी मी त्या सीटवर ठेवली आणि निघालो. मोठ्या रस्त्याला लागलो आणि गाडी टिंग टिंग वाजू लागली. पुढच्या सीटवर वजन आहे आणि पट्टा लावलेला नाही, याची ती सूचना होती. पिशवी जड होती. मला कारण माहीत होतं.

"तिला पट्टा लावायला सांगा," मागून सासूबाई म्हणाल्या.

त्यांचा स्वर साधा होता, दिवा मालवायला सांगावा तसा. मी आरशात पाहिलं. त्या बाहेर बघत होत्या. पुढच्या लेबायमध्ये, रस्त्याकडेच्या गाड्या थांबवायच्या जागेत, गाडी थांबवली, पिशवीवरून पट्टा ओढला आणि अडकवला. आवाज थांबला. मग आम्ही डोंगर चढू लागलो.

धरण दिसत नव्हतं. त्या धरणाच्या पाण्याखाली एक गाव आहे. पाणी अडवण्यापूर्वी तिथल्या लोकांना दुसरीकडे हलवलं होतं. चर्च होतं, शाळा होती, हे फलकावर लिहिलेलं आहे. बायको दर वेळी तो फलक पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा वाचायची. त्या दिवशी फलकाच्या पुढे पांढरं धुकंच होतं आणि त्यातून कुठूनतरी बदकाचा आवाज येत होता. कार पार्कमध्ये आमची एकच गाडी होती.

चहाची टपरी मात्र उघडी होती. मी खिडकीपाशी गेलो आणि तीन चहा मागितले. पैसे दिले, कप ट्रेमध्ये आले, तेव्हा माझ्या लक्षात आलं. परत करावासा वाटला नाही. बाकावर आम्ही तीन कप ठेवले. सासूबाईंनी डबा उघडला, एक पुरी मधल्या कपाशेजारी रुमालावर ठेवली. आम्ही आपापला चहा प्यायलो. मधल्या कपाची वाफ धुक्यात मिसळत होती, कुठवर वाफ आणि कुठून धुकं, ते कळत नव्हतं.

मग त्या उठल्या आणि माझा हात धरून भिंतीपाशी आल्या. पर्समधून त्यांनी दगड काढला. तो ओला होता.

"तुम्ही मानता हे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग कशाला आणलंत मला?"

"तिनं आणलं असतं म्हणून."

त्यांनी दगड दोन्ही हातांत घट्ट धरला. ओठ हलले. काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, ते माझ्यासाठी नव्हतंच. मग तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. "माझ्यानं नाही होणार. लांब टाका. आणि मागे बघू नका."

मी जमेल तितक्या जोरानं टाकला. हातातून सुटला आणि लगेच धुक्यात गेला. मी आवाजाची वाट पाहिली. पाण्यात दगड पडला की आवाज होतो. भिंतीखाली पाणी होतं, ते काठाशी हलताना ऐकू येत होतं. पण दगडाचा आवाज आला नाही. थांबलो. बदकही गप्प झालं होतं.

"पडला?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना अलीकडे कमी ऐकू यायचं.

"पडला," मी म्हणालो.

त्यांनी मोठा श्वास सोडला. वळल्या, मागे न बघता गाडीकडे निघाल्या. मीही पाहिलं नाही. कार पार्कमध्ये आल्यावर त्यांनी मागचं दार उघडलं, थोडा वेळ दारावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि ते पुन्हा लावलं. पुढचं दार उघडलं. पिशवीचा पट्टा सोडवला, पिशवी पायाशी ठेवली आणि त्या सीटवर बसल्या.

गाडी सुरू केली तशी ती वाजू लागली.

"आता काय झालं हिला?"

"पट्टा, आई."

"मला नाही येत तो लावता. तुम्ही लावा." मी तो लावून दिला. उतारावरून खाली येताना त्या म्हणाल्या, "पुण्याचं तिकीट बघा." मग घर येईपर्यंत त्या हुंदके देत रडत होत्या. ती गेल्यापासून पहिल्यांदाच.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना विमानतळावर सोडलं. आता त्यांचा फोन रविवारी येतो. सकाळी बागेत जाते म्हणतात, तिघी मैत्रिणी मिळून. दगडाचं काही बोलत नाहीत. मीही विचारत नाही.

मी त्याच घरात राहतो. नकाशे कपाटात आहेत. थंडीत सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीचा कट्टा कोरडा असतो, फक्त अंड्याएवढी जागा ओली असते. मी ती पुसतो आणि चहाचं पाणी ठेवतो.