आरती राहिली, एसटी लागली

मंडळी, सायबर कॅफेतून लिहितोय. घरी जायचं धाडस होत नाहीये.

लेण्याद्रीखालच्या शाळेत दोन दिवस लोककलेचं शिबिर होतं. आज गोंधळीबाबांनी गावोगावच्या देवांना नाव घेऊन गोंधळाला बोलवायचं गाणं शिकवलं. आम्ही जीव तोडून गायलो, नाचलो. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "पुण्याची एसटी लागली!" सगळे उठलो.

बाबा पेटती दिवटी धरून बसूनच राहिले. "आरती राहिलीय. आरतीबिगर देव माघारी जात न्हाईत."

"पुढच्या वेळी करू," मी हसून म्हणालो. शहाणाच ना मी!

"जावा. पण त्ये तुमच्यासंगं आले, तर मला बोल लावू नगा."

एसटी खच्चून भरलेली. लोक दांड्यांना लोंबकळत होते. माझ्या शेजारची जागा मात्र पुण्यापर्यंत रिकामीच राहिली.

तुम्ही बसला असता?