पाईप कसा फुटला, ते मी दाखवते!

भांडावं कसं, हे माझ्याकडून शिका. भांडताना गप्प कधी बसावं, हे मात्र दुसऱ्या कुणाला तरी विचारा. कारण तिथेच माझी अशी काही फजिती झाली, की काय सांगू!

आमचा फ्लॅट पाथर्डी फाट्याला. रविवारी सकाळी बाथरूमच्या भिंतीतला पाईप फुटला. फुटला म्हणजे काय, कारंजंच! मी बादल्या लावेपर्यंत पाणी खालच्या शिंदेकाकांच्या देवघरात. काका सोवळ्यात पूजेला बसलेले. देवांच्या आधी त्यांनाच अभिषेक! छताचं प्लास्टर पडलं ते वेगळंच.

मी निर्धास्त. घराचा विमा होता ना! असं अचानक काही झालं तर प्लंबरपासून शेजाऱ्याच्या छतापर्यंत सगळं कंपनी बघणार, असं पॉलिसी विकताना सांगितलेलं. फोटो पाठवले, क्लेम टाकला. काही दिवसांनी फोन आला.

"मॅडम, क्लेम रिजेक्ट झालाय. भिंतीला जुनी ओल दिसतेय. म्हणजे गळती हळूहळू होत होती. आपण फक्त अचानक झालेलं नुकसान भरून देतो."

"हळूहळू? अहो, काकांना छत्री उघडायला वेळ मिळाला नाही!"

आमचे हे म्हणाले, "जाऊ दे ना. करू आपण खर्च."

जाऊ दे? हा माणूस ओझरला नोकरीवर साहेबापुढेही 'जाऊ दे' म्हणतो आणि घरी भाजीवाल्यापुढेही. मी नाही हं! माझ्या पाईपवर खोटा आळ? रोज फोन, रोज तक्रार. ग्राहक मंचात खेचीन म्हटलं, तुमच्या दारात उपोषणाला बसेन म्हटलं. शेवटी कंपनीने सर्व्हेअर पाठवला. आहे की नाही?

सर्व्हेअर बिचारा सज्जन. चहा घेतला, ओल बघितली, म्हणाला, "ताई, गळती जुनीच वाटते."

मी शिंदेकाकांना वर बोलावलं. "काका, सांगा यांना, पाणी कसं आलं?"

"एकदम! धो धो!" काका अजून रागातच होते.

"तरी," सर्व्हेअर म्हणाला, "अचानक फुटायला काहीतरी कारण लागतं हो. चांगला पाईप उगाच कसा फुटेल?"

झालं! माझं डोकंच सटकलं. "उगाच कशाला? थांबा, दाखवतेच!"

मी आत जाऊन ड्रिल मशीन आणलं. स्टुलावर चढले. हे मागून खाकरले. मी लक्षच दिलं नाही.

"हे बघा, टॉवेलचा रॉड लावायला मी इथे ड्रिल धरलं. घर्रर्र... आणि पुढच्या क्षणाला फस्सकन पाणी! आता बोला, कुठे आहे तुमचं हळूहळू?"

ह्यांनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे," सर्व्हेअरने कप खाली ठेवला, "पाईपला भोक तुम्ही पाडलंत?"

"मग काय ह्यांनी? ह्यांना साधा खिळा ठोकता येत नाही!"

शिंदेकाका माझ्याकडे असे बघायला लागले, की मी ड्रिल हातात घेऊन स्टुलावरच उभी राहिले. खाली उतरायची हिंमत होईना.

दोन दिवसांत कंपनीचा मेसेज आला. क्लेम पुन्हा रिजेक्ट! कारण काय, तर विमाधारकाने स्वतः पाईपला भोक पाडले.

मी मोबाईल ह्यांच्या नाकासमोर नाचवला. "बघा! मान्य करावं लागलं ना त्यांना, की गळती अचानकच होती?"

"हो," हे म्हणाले, "आणि लेखी सिद्ध झालं की ती तूच केलीस."