अरुणाताईंचा चहा आणि मिनेरुलची माती

कपड्यावर डाग दिसला की अरुणाताईंचा हात आपोआप साबणाकडे जातो. यात त्यांचा काही दोष नाही. जन्म इचलकरंजीचा, संसार यंत्रमागाच्या खडखडाटात झाला, सगळं आयुष्य कापडाच्या संगतीत गेलं. माणसाच्या चारित्र्यावरचा डाग त्या एक वेळ पोटात घालतील, पण शर्टाच्या कॉलरवरचा नाही. मुलगा देवेश त्यांना कॅनडात, वॉनला घेऊन आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्या घराचे पडदे उतरवून धुतले. ते मुळातच राखाडी रंगाचे आहेत असं सुनेनं, सलोनीनं, समजावून सांगितलं. तरी त्यांना ते पुरतं पटलं नाही.

घरात बसून करमेना, म्हणून त्यांनी जवळच्या प्लाझात कपडे अल्टर करून देणाऱ्या दुकानात अर्धवेळ काम धरलं. शेजारच्या गाळ्यात डोरिन नावाचा एक रोमानियन माणूस बूट दुरुस्त करतो आणि किल्ल्या बनवतो. साठीचा, जाड मिशांचा, दिसायला रागीट आणि आतून अगदी लोणी. त्या त्याला डोरिनभाऊ म्हणतात, तो त्यांना मिसेस अरुणा म्हणतो. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं असल्यामुळे गप्पा उत्तम चालतात. रोज चार वाजता अरुणाताई थर्मासमधला आल्याचा चहा काढायच्या आणि अर्धा कप त्याच्या काउंटरवर नेऊन ठेवायच्या. स्वतःला मात्र दोन कप. चहावाचून या बाईचं पान हलत नसे. तिच्या अंगात रक्त कमी आणि चहाच जास्त आहे असं देवेश म्हणायचा, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

डोरिनला बोलायला विषय दोनच, आपला गुडघा आणि मिनेरुल. पैकी गुडघा दुखायचा तो फक्त पावसाळी हवेत. मिनेरुल बारा महिने दुखायचा.

मिनेरुल हा त्याच्या गावचा फुटबॉल क्लब. पियात्रा नेआग्रा नावाचं डोंगरातलं छोटं गाव, कोळशाच्या खाणीवर जगणारं. खाणकामगारांनीच क्लब काढला, खाणीनंच तो पोसला. पुढे खाण बंद पडली. मग बाहेरचा एक बडा मालक आला, त्यानं क्लब घेतला, चार वर्षं मिरवला आणि बुडवून निघून गेला. जाताना नाव आणि बोधचिन्हही आपल्याच ताब्यात ठेवलं. मैदानाला कुलूप लागलं, आत माणसाच्या कमरेएवढे काटे माजले. शेवटी गावातला पाववाला, शाळेतली एक मास्तरीण आणि काही म्हातारे खाणकामगार कोयते घेऊन आत शिरले. त्यांनी काटे कापले, रेघा आखल्या, गोलला कोळ्याच्या जाळ्यासारखी का होईना पण जाळी लावली आणि अगदी तळाच्या लीगमधून क्लब पुन्हा सुरू केला. आता क्लबला मालक नाही. प्रत्येक सभासदाला एक मत, मग तो गावात राहो की इटलीत की कॅनडात. कोर्टकचेऱ्या करून नावही परत मिळवलं. हे सांगताना डोरिनच्या हातातला बूट तसाच राहायचा आणि गिऱ्हाईक ताटकळायचं.

एका सप्टेंबरात तो मोठी पिशवी घेऊन अरुणाताईंकडे आला. टोरांटोच्या आसपासच्या मिनेरुलवाल्यांनी आपापल्या जुन्या जर्सी आणि मफलर दिले होते. ते सगळं जोडून एक भला मोठा झेंडा शिवायचा आणि गावच्या मैदानाच्या कुंपणावर टांगायला पाठवायचा. अरुणाताईंनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. जुने कपडे, त्यात आपल्या माणसांची माया, आणि ते जोडून एक करायचं. याला जगात कोणी काहीही म्हणो, इचलकरंजीत गोधडी म्हणतात. मशीन नको, हातानंच धावदोरा घालते, असं त्यांनी सांगून टाकलं.

आता गोधडी शिवायची तर कापड आधी धुऊन घ्यायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यातून पिशवीतली एक काळी-पिवळी जर्सी म्हणजे कहर होता. छातीपासून खालपर्यंत वाळलेला चिखल, काखेत घामाचे पांढरे नकाशे. अरुणाताईंनी ती बेसमेंटमधल्या सिंकमध्ये रात्रभर भिजवली, ब्रशनं घासली, मशीनमधून दोनदा काढली, लव्हेंडरचा वास लावला आणि इस्त्री केली. नात केया म्हणाली, “आजी, it looks brand new!” अरुणाताईंना वाटलं, डोरिनभाऊ आता आपल्या पाया पडतो की काय.

डोरिननं ती जर्सी हातात घेतली, उलटी करून पाहिली, नाकाशी नेली आणि मटकन स्टुलावर बसला. मग हळूहळू सांगितलं. जुन्या क्लबचा शेवटचा सामना पाहायला तो हीच जर्सी घालून गेला होता. शिट्टी वाजल्यावर सगळे चाहते मैदानात उतरले, मातीत लोळून रडले, आणि दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं. तेव्हा डोरिननं शपथ घेतली होती, मिनेरुल पुन्हा तिसऱ्या लीगमध्ये जाईपर्यंत ही माती धुणार नाही. तळापासून चढत चढत क्लब आता चौथ्या लीगपर्यंत आला होता. एकच पायरी उरली होती. झेंड्यात ही जर्सी मातीसकटच जायची होती, तेवढं सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

अरुणाताईंच्या तोंडचं पाणी पळालं. दुसरी कोणी बाई असती तर सॉरी म्हणून मोकळी झाली असती. पण नवस म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. देवेशच्या आजारपणात त्यांच्या सासूनं वर्षभर भात सोडला होता, आणि त्या घरात भाताचं नावही कोणी काढलं नव्हतं. आपण एका परक्या माणसाचा नवस साबण लावून मोडला, या विचारानं त्यांना अगदी रडू आलं. डोरिन काही रागावला नव्हता, उलट “नो प्रॉब्लेम, मिसेस अरुणा” म्हणत होता. त्यानं तर त्यांना जास्तच लागलं.

त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, “डोरिनभाऊ, नवस तुमचा, मोडला मी. आता तो माझ्या डोक्यावर. तुमचं मिनेरुल वर जाईपर्यंत मी चहा पिणार नाही. नो टी.”

थर्मास ओळखून असलेल्या डोरिनला या वाक्याचं वजन लगेच कळलं. तो घाबरून नको नको म्हणू लागला. त्यांनी त्याला गप्प केलं आणि विचारलं, “मॅच कधी आहे? रविवारी?”

“जून,” डोरिन म्हणाला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण बोललेला शब्द परत घेणाऱ्यांतल्या अरुणाताई नव्हेत.

पहिला महिना त्यांचं डोकं दुखलं आणि घरातल्या सगळ्यांनी त्याचे चटके सोसले. सलोनीनं हर्बल टी आणून दिला. त्यांनी वास घेतला आणि तो कुंडीतल्या तुळशीला घातला. देवेशनं लॅपटॉपवर लीगचा तक्ता काढून दाखवला, तेव्हापासून तो तक्ता त्या पंचांगासारखा पाहू लागल्या. शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी त्या आणि डोरिन रिळांना टेकवून फोन ठेवायचे. तिकडे पाववाल्याचा पुतण्या मैदानासमोरच्या आपल्या बाल्कनीतून सामना दाखवायचा. मध्येच गाय यायची, मध्येच त्याची आई त्याला जेवायला बोलवायची. ऑफसाइड म्हणजे काय हे अरुणाताईंना शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण पंच कुठे चुकला हे त्यांना दर वेळी बरोबर कळायचं. गोल झाला की दोघं मिळून “हाय्‌दे, मिनेरुल”, म्हणजे चल मिनेरुल, असं ओरडायचे आणि शेजारचा डेंटिस्ट भिंतीवर थापा मारायचा.

गोधडी ऑक्टोबरात गावी पोचली. कुंपणावर टांगलेली ती फोनवर दिसली तेव्हा अरुणाताईंनी पडद्याला बोट लावून आपले टाके दाखवले. त्यांना इतका अभिमान वाटला की देवेशच्या पदवीदानालाही तेवढा वाटला नसेल. पुढच्या सामन्याला मात्र कुंपण रिकामं. डोरिननं फोन करून चौकशी केली. थंडी पडल्यामुळे पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांनी झेंडा काढून गुडघ्यांवर ओढून घेतला होता. इतका ऊबदार झेंडा त्या गावात आजवर कोणी पाहिला नव्हता. डोरिन नाराज झाला, अरुणाताई मात्र हसून लोटपोट झाल्या. गोधडी अखेर गोधडीच्या कामाला लागली होती.

मग तिकडे बर्फ पडलं आणि तीन महिने सामनेच बंद झाले. हे त्यांना आधी कोणी सांगितलं नव्हतं. इकडे उणे वीस, ड्राइव्हवेवरचं बर्फ फावड्यानं उपसून देवेश आत यायचा आणि आल्याच्या चहाचा वास घरभर फिरायचा. अरुणाताई त्या वेळी गरम पाणी पीत खिडकीबाहेर बघत बसायच्या. एकदा केयानं विचारलं, “आजी, what if they lose?” त्या म्हणाल्या, “पुढच्या वर्षी बघू.” आणि गरम पाण्याचा कप बाजूला सारला.

जूनमधला शेवटचा सामना. जिंकलं तर तिसरी लीग, नुसती बरोबरी झाली तरी चौथ्यातच मुक्काम. डोरिनच्या गाळ्यात मुंगी शिरायला जागा नव्हती, सगळे मिनेरुलवाले, आणि त्यात देवेश, सलोनी, केया. सामना बरोबरीतच रखडला. अरुणाताईंनी डोळे मिटून घेतले. आणि अगदी शेवटी, कॉर्नरवरून आलेला चेंडू मिनेरुलच्या कप्तानाच्या गुडघ्याला लागून आत गेला. मुद्दाम मारलेला वगैरे काही नाही, नुसता लागला. डोरिन त्या गुडघ्याच्या आठवणीनं आजही डोळे पुसतो.

सलोनीनं गुपचूप थर्मास भरून आणला होता. तिनं कप पुढे केला. अरुणाताईंनी हात आडवा धरला. “शिट्टी वाजू दे.”

शिट्टी वाजली. गाळ्यात एकच गलका उठला, डोरिन कोणाच्या तरी खांद्यावर चढला, आणि अरुणाताईंनी पहिला घोट घेतला. चहा कोमट झाला होता, आलं घालायचं राहिलं होतं, साखर जास्त होती. त्या ढसाढसा रडल्या आणि दुसरा कप मागितला.

जुलैत रोमानियाहून एक पाकीट आलं. आत कप्तानाची त्या दिवशीची जर्सी, चिखलानं आणि गवतानं माखलेली. डोरिननं निरोप वाचून दाखवला की ही मिसेस अरुणासाठी, आता शपथ पूर्ण झाली, त्यांनी हवी तेवढी धुवावी. मस्करी म्हणून त्यानं सोबत साबणाचा डबाही आणला होता.

त्या संध्याकाळी बेसमेंटमध्ये सलोनी मशीनमध्ये कपडे टाकत होती. तिचा हात त्या जर्सीकडे गेला तशा अरुणाताई जिन्यावरून ओरडल्या, “तिला हात लावायचा नाही.”

“अहो आई, पण वास येतोय तिला.”

“येऊ दे. आमचा क्लब दुसऱ्या लीगमध्ये जाईपर्यंत ती धुवायची नाही.”

देवेशनं दबकत विचारलं, “आणि चहा?”

अरुणाताईंनी जर्सी स्वच्छ पांढऱ्या पिशवीत घातली, इस्त्री केलेल्या चादरींच्या कपाटात सर्वांत वर ठेवली आणि आलं किसायला स्वयंपाकघरात गेल्या.

“एका वेळी एकच नवस,” त्या म्हणाल्या.