कोल्डरूममधली रंगपंचमी

आमच्या प्रयोगशाळेत माणसाचं एक प्रोटीन तयार व्हायचं. माणसाचं, पण माणसातून काढलेलं नाही. त्याचं जनुक जिवाणूंमध्ये घालायचं, जिवाणू वाढवायचे, फोडायचे आणि त्या राड्यातून तेवढं एकच प्रोटीन वेगळं करायचं. इवल्याशा कुप्यांतून ते दुसऱ्या प्रयोगशाळांना जायचं. कुपीवर छापलेलं असायचं, 'फक्त संशोधनासाठी'.

त्या वर्षी शुद्धीकरणाचा दिवस नेमका रंगपंचमीला आला. अख्खं नाशिक रंगात. सर म्हणाले, "तू देवळ्याची. इथे तुझं कोण आहे रंग खेळायला?" मी एकटीच आले.

हे काम कोल्डरूममध्ये, चार अंशांच्या थंड खोलीत चालायचं. तिचं दार आतून उघडायचा दांडा महिन्यापूर्वी तुटला होता. मी दोनदा सांगितलं होतं. दुरुस्ती होईपर्यंत दारात स्टूल अडकवून काम करायचं, असं चाललं होतं. त्या दुपारी आतलं तापमान चारवरून सातवर गेलं. प्रोटीन खराब होईल म्हणून मी स्टूल आत ओढलं, दार नुसतं लोटून ठेवलं. दोनच मिनिटं, म्हटलं. दार लागलं ते लागलंच.

फोन बाहेर टेबलावर. अंगात पातळ स्वेटर आणि वर ॲप्रन. मी दार बडवलं, ओरडले. पंख्याच्या घरघरीत माझाच आवाज मला ऐकू येईना. खोली तीन पावलांची. तीन पावलं इकडे, तीन तिकडे. उभ्या काचेच्या नळीतून प्रोटीन खालच्या छोट्या नळ्यांत थेंबाथेंबाने पडत होतं, आणि वेड्यासारखी मी मधूनमधून थांबून ते नीट पडतंय ना बघत होते. बोटं बधिर झाली तेव्हा मनात आलं, मावशींनीही आज सुट्टी घेतली असली तर?

मावशी म्हणजे फरशी पुसायला यायच्या त्या, मूळच्या सटाण्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. त्या आल्या तेव्हा मी खाली बसले होते.

"ताई, मधमा शे का तू?"

"मावशी! दार उघडा!"

बाहेरून कडी ओढली तरी दार हलेना. आतलं कुलूपच अडकलं होतं. त्या म्हणाल्या, "मी ठंडीनं बटन बंद करस."

"नको!" मी ओरडले. "बंद करू नका. सरांना फोन लावा."

त्यांनी माझ्याच फोनवरून लावला आणि तो दाराशी धरला. सर म्हणाले, "टेक्निशियनला पाठवतो. कूलिंग बंद करू नका हं, प्रोटीन चालू आहे."

मी जे म्हणाले होते तेच. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला थंडीपेक्षा वेगळंच काहीतरी शिवलं. मी किती वेळ आत आहे, हे त्यांनी विचारलंच नाही. मीही ते सांगितलं नव्हतं.

फोन ठेवल्याबरोबर मावशी म्हणाल्या, "ते काय तुन्हापेक्षा मोठं शे का?" आणि पंखा थांबला. खरं सांगायचं तर मला रडू आलं.

टेक्निशियन दीड तासाने आला, कानापर्यंत गुलाबी. रस्ते बंद होते, म्हणाला. बिजागऱ्या काढून त्याने दार उतरवलं. मावशींनी माझे हात आपल्या पदरात घेऊन चोळले.

नळ्यांमधलं पाणी दुधाळ झालं होतं. प्रोटीन गोळा होऊन वाया गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "कूलिंग कोणी बंद केलं?"

"मी करायला सांगितलं," मी म्हणाले. नोकरीतलं माझं ते पहिलं खोटं. त्याच आठवड्यात नवा दांडा बसला.

चहा घेताना मावशींनी विचारलं, एवढं काय होतं त्या खोलीत? मी समजावलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या.

"म्हणजे ते आपला आंगमा राहस?"

"हो, प्रत्येकाच्या अंगात असतं."

"तुन्हापण?"

"माझ्यापण."

"मंग तू मरी जाती तर ते कोनले लागतं?" असं म्हणून त्या कप विसळायला गेल्या.

सोमवारी मी पुन्हा जिवाणू वाढवायला घातले. त्या नोकरीत मी आणखी दोन वर्षं होते. सोडायचं रोज ठरवायचे, आणि रोज कोणती तरी बॅच अर्धवट असायची.