तेल जिरेपर्यंत

बाळाला किती वेळ चोळायचं, हे सारजाबाईला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तेल अंगात जिरलं की हात थांबायचा. आधी पाय, मग छाती, पाठ, शेवटी टाळू. हाताखालचा ओशटपणा सरून कातडी जराशी हाताला धरायला लागली की पुढं सरकायचं. जुन्नरच्या पेठेतली तीनेकशे बाळं याच मापानं तिच्या पायांवर न्हाली होती. लग्नाआधी ती बापाच्या मेंढरांमागं हिंडली. अशक्त कोकराला चोळून उभं कसं करायचं ते आईनं तिथं शिकवलं. तोच हात पुढं माणसांच्या पोरांना लागला.

२००३ सालच्या थंडीत नंदानं तिला बोलावलं. नंदाची मुलगी हर्षाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. हर्षालीलाही तान्ही असताना सारजाबाईनंच न्हाऊ घातलं होतं. घाण्यावरच्या तिळाच्या तेलाची वाटी घेऊन ती गेली, पाटावर बसली, पाय लांब केले. हर्षालीनं गुलाबी बुचाची बाटली पुढं केली.

"मावशी, हे लावा. ह्यांनी पुण्याहून आणलंय. वास नाही, कपड्याला डाग नाही."

"लहानपणी तुला तेलाचा वास येत व्हता का?"

"मला काय आठवतंय?"

"मला आठवतंय. लई रडायचीस, पन वासापायी न्हाई."

नंदा हसली. बाटली मात्र पाटाजवळच राहिली.

बाटलीतलं तेल पाण्यासारखं पातळ होतं. हात सरसर फिरला. सारजाबाई ते जिरायची वाट बघत चोळत राहिली. जिरेना. पाय झाले असं वाटेना, म्हणून छातीकडं जाववेना. पुन्हा पाय. बंबातलं पाणी उकळून गेलं, पोर किंचाळायला लागलं, तरी हाताखाली तसंच गुळगुळीत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पोराच्या मांड्यांवर आणि पाठीवर लाल चट्टे उठले.

"मावशी, हात जड झाला तुमचा," नंदा म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. "आता मीच घालते अंघोळ. तुम्ही आराम करा."

आराम! हात जड झालेल्या बाईला दुसऱ्या घरी कोण बोलावणार? पेठेत अशी गोष्ट फिरायला दुपार पुरते.

घरी येऊन तिनं भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली. मग कणीक मळायला घेतली. हात बिघडला असता तर कणकेनं सांगितलं असतं. कणीक रोजच्यासारखीच झाली होती. आणि तेव्हा तिला दिसलं की पीठ मळूनही मनगटाच्या वरचा भाग अजून चकाकतोय. सकाळचं तेल. दुपार झाली तरी तिथंच.

वाटीतलं तेल शिशीत भरून ती तडक बाजारात गेली. तिचा भाचा गोरख औषधाच्या दुकानात होता.

"गुलाबी बुचाची बाटली दाव. मागं काय लिवलंय ते वाच."

गोरखनं चष्मा वर केला. "मिनरल ऑईल. जमिनीतनं काढत्यात त्या खनिज तेलातलं, आत्या. घासलेट, मेणबत्तीचं मेण, ओठाला लावायची जेली, समदं एकाच घरातलं."

"आन ते पोराला लावायचं? दिवा लावायचाय का त्याचा?"

"साफ केल्यालं असतंय. विष न्हाई ते. कातडीवर थर धरतंय, आतली ओल उडू देत न्हाई. पन आत मुरत न्हाई."

"किती बी चोळलं तरी?"

"उद्यापत्तुर चोळ की."

उघडलेली एक बाटली गोरखच्या घरच्या पिशवीत होती. तिच्यातलं तेल सारजाबाईनं उजव्या हाताला घेतलं, डाव्याला शिशीतलं, आणि दुकानाच्या पायरीवर बसून आळीपाळीनं चोळायला लागली.

"काय आजी, कुस्तीला निघालाय जनू?" एका गिऱ्हाइकानं विचारलं.

"व्हय. ये समोर."

डावा हात धरायला लागला. तिळाचं तेलही थोडं वर राहिलं, पण बाकीचं मुरलं. उजवा आरशासारखा. तिनं मोठा श्वास सोडला. पण हे तिला कळून काय उपयोग होता? नंदाला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न बोलावता गेली. पोराला हात लावला नाही. हर्षालीच्या हातावर बाटलीतलं तेल ओतलं. "चोळ. जिरलं की सांग."

हर्षाली चोळत बसली. नंदानं ठेवलेला चहा उकळला, गाळला, पिऊन झाला.

"हे जिरतच नाही हो! माझा हात दुखायला लागला."

"मी तीन दिस त्याचीच वाट बगत व्हते."

नंदानं मुलीचा लाल झालेला हात पाहिला, मग पाळण्याकडं पाहिलं. "मग सांगायचं ना, मावशी."

"मलाच ठावं न्हवतं. मला वाटलं, हातच गेला." सारजाबाईनं पदरानं तळवे पुसले. "तेल तुमचं, पन चोळनारी मी. पोर रडलं तवाच थांबाया पायजे व्हतं. आता चट्टे उतरंपत्तुर कंचंच तेल नको. नुसतं कोमट पानी."

नंदानं भिंतीला उभा केलेला पाट आडवा घातला.

चट्टे उतरले. पाचव्या दिवशी तिळाच्या तेलाची वाटी पुन्हा पाटाजवळ आली.

पुढच्या वर्षांत घरोघरी बाटल्या वाढल्या. सारजाबाई भांडली नाही. कुठंही गेली की आधी एक थेंब स्वतःच्या मनगटावर घासून बघे. जिरणारं नसेल तर पायापासून टाळूपर्यंत एकदाच हात फिरवी आणि थांबे. चोळण्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. थांबण्याचे कष्ट मात्र पडायचे. थांबलेले हात मांडीवर चुळबुळत राहायचे.