आत्याची बारमाही झाडं

माझी आत्या आमच्याकडे आली ती माझ्या जन्माच्या वेळी, आईच्या मदतीला, चार महिन्यांसाठी म्हणून. तिच्या नवऱ्याने दरम्यान दुसरी आणून बसवली आणि आत्याला परत जायला घरच उरलं नाही. आईने हे तिला कधी विसरू दिलं नाही. "ह्या आमच्या बारमाही पाहुण्या," अशी ती आल्यागेल्याला ओळख करून द्यायची. लोक हसायचे. आत्याही हसायची. तिच्या त्या हसण्याचा मला संताप यायचा, अजूनही येतो.

आत्या तयार कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाला होती. कामावरून आली की थेट अंगणात. पायऱ्यांपासून फाटकापर्यंतचे वाफे राबायला तिचे आणि मिरवायला आईचे. झिनिया, अस्टर, पेटुनिया, सगळं हंगामी. बी पेरायचं, रोपं अलगद हलवायची, बहर बघायचा आणि वाळलं की उपटून पुन्हा पहिल्यापासून. आत्याचा जीव गुलाबात आणि जाईत अडकलेला, पण आईचा दंडक होता की मुळं धरून बसणारं काही लावायचं नाही. "एकदा बसलं की हलायचं नाव घेत नाही," असं म्हणताना तिची नजर झाडांवर नसायची. वडील तेवढ्यात पेपर आणखी वर धरायचे. या माणसाने उभ्या जन्मात पेपरचीच काय ती बाजू घेतली.

पुढे आत्याचे डोळे अधू झाले आणि काम सुटलं. आपण राहतो ती मागची खोली राहते की जाते, या धास्तीने तिने ताटात दुसऱ्यांदा वाढून घेणं बंद केलं. आईला ते दिसत होतं. तिने एकदाही आग्रह केला नाही.

आणि एक दिवस आईच म्हणाली, "वन्सं, यंदा सगळं बारमाहीच लावा. तुम्हाला आवडेल ते आणा."

आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली, "ऐकलंस ना तू? बारमाही लावा म्हणाली." जो शब्द इतकी वर्षं तिच्या तोंडावर फेकला जात होता, तो आता कुणी हातात ठेवल्यासारखा तिने धरला होता. मलाही वाटलं, आईला उशिरा का होईना, पाझर फुटला.

मी तिला रोपवाटिकेत घेऊन गेले. तिथल्या माणसाला तिने सळो की पळो करून सोडलं. पानं उलटी करून डोळ्यांशी धरायची, खोड दाबून बघायची. त्याने फुलांनी लगडलेला गुलाब पुढे केला तर म्हणाली, "हा दुकानातच फुलून दमलाय. तो मागचा मुका दे." तिने गुलाब घेतले, शेवंती घेतली, एक जास्वंद आणि जाईचा वेल घेतला.

"जाईला भिंत धरायला दोन-तीन वर्षं लागतील हं, मावशी," तो म्हणाला.

"लागू देत. मला कुठे जायचंय?"

दुसऱ्या दिवशी ती सकाळपासून मातीत होती. खड्डे खणले, कुजलेलं खत घातलं, एकेक रोप बसवत गेली. गुणगुणतही होती. फक्त जास्वंद राहिली होती, तेव्हा आई पायरीवर येऊन उभी राहिली.

"वन्सं, पुढच्या महिन्यापासून तुमची वृद्धाश्रमात सोय केलीय. ह्यांनी बोलून ठेवलंय."

आत्याने मातीतला हात बाहेर काढला. "मग हे सगळं?"

"तुम्ही गेल्यावर दर हंगामाला पेरत कोण बसणार? हे एकदा लावलं की आपलं आपण येत राहतं. म्हणून तर म्हटलं."

मी भांडायला पुढे झाले. आत्याने मला थांबवलं. तिने आईला विचारलं, "एखादी कुंडी नेली तर चालेल का तिथे?"

"नाही चालत. तेही विचारलंय मी," आई म्हणाली. "बरं, एवढी जास्वंद राहिलीय, ती उरकून टाका आणि हात धुऊन घ्या."

"तुम्हीच लावा, वहिनी," आत्या म्हणाली आणि पायरीवर जाऊन बसली. आईला ती आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणत होती.

आईने नाक मुरडत बाह्या वर केल्या, रोप उचललं आणि काळ्या प्लास्टिकच्या पिशवीसकट खड्ड्यात ठेवलं. पिशवी आधी फाडून काढायची असते, नाहीतर मुळं आतल्या आत गुदमरून मरतात, एवढंही तिला ठाऊक नव्हतं. मी आत्याकडे बघितलं. अधू डोळ्यांनाही तिला ते नीट दिसलं होतं. आई भराभर माती लोटत होती. मी गप्प बसले, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

"बरोबर लागलं का हो?" आईने मान वर न करता विचारलं.

"छान लागलं," आत्या म्हणाली. "आता वरून चांगलं दाबा."