पाणकावळ्याच्या पोटातला नर

एका किड्याची किंमत आधीच सांगून टाकतो, म्हणजे नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्याकडे जाणाऱ्याने विचार करून जावं. दोन दिवस कुलूप लागलेलं दुकान, निफाडच्या गाडीरस्त्यावर मोडलेलं माझं कंबरडं, जाळ्यात गुदमरून मेलेले दोन पाणकावळे आणि मास्तरांच्या छातीत उरलं होतं तेवढं बळ. किडा बोटाच्या पेराएवढा.

नाशकात माझं काचसामानाचं दुकान आहे. रिकाम्या बाटल्यांची पाटी डोक्यावर घेऊन सुरुवात केली, म्हणून गिऱ्हाइकाची चाहूल मला पायरीवरच लागते. डोंगरे मास्तरांची त्यांच्या खोकल्याने लागायची. मुंबईच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत. छाती बिघडली म्हणून हवापालटासाठी इकडे आले होते. पाण्यावरच्या पक्ष्यांच्या पोटातले गोल किडे हा त्यांचा विषय. पाणकावळ्यातला एक किडा नवा असावा, असा त्यांना संशय होता. पण हाती लागल्या त्या सगळ्या माद्या.

"नर मिळाल्याशिवाय जात ठरत नाही, शेठ," ते म्हणाले. "आणि सोमवारी मला डोंगरावरच्या इस्पितळात धाडताहेत."

तिथून परत कधी, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं आणि मास्तरांनी विचारलं नव्हतं. मी दुकानाला कुलूप लावलं.

नाशिकरोडहून सकाळची पॅसेंजर धरावी, निफाडला उतरावं. तिथून नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत बैलगाडीच. रस्ता काळ्या मातीचा. चाकोऱ्या अशा खोल की गाडीवानाला काही करावंच लागत नाही. भाडं बसण्याआधी ठरवा, आणि खाली कडबा जास्त मागून घ्या. बंधाऱ्याजवळ सरकारी बंगला आहे, पण त्याची चिठ्ठी नाशकातूनच आणावी लागते. खानसामा नाही. पीठ, मीठ, कंदील सगळं आपलं न्यावं.

पाणी पाहून जीव हरखेल असं वाटलं होतं. पण धुकं शिशासारखं बसलेलं, बाभळी अर्ध्या बुडून काळ्या पडलेल्या, त्यांवर पंख पसरून पाणकावळे. मास्तर खोकले की काठावरचे सगळे पक्षी एकदम उठत. मग ते तोंडावर उपरणं दाबून खोकू लागले.

भिका भोई तिथला मासेमार. त्याच्या जाळ्यात सकाळीच एक पाणकावळा सापडला होता. मास्तरांनी पक्षी मागितला. भिकाने हसत मान डोलावली. संध्याकाळी त्याची बायको सखू परात घेऊन आली. पक्षी सोललेला, चिरलेला, हळद लावलेला.

मास्तरांनी परातीतले तुकडे उलटेपालटे करून पाहिले. मीच विचारलं, "वहिनी, याचं जठर?"

"त्याच्यात लय किडे व्हते, शेठ. पाहुण्याला आसलं कसं देऊ? राखेनं घासून धुतलं, तरी मन घेईना. मंग कुत्र्याला टाकलं."

"आम्हाला तेच किडे हवे होते हो."

सखूने पदर तोंडाशी नेला. "आगं बया! आन् मी म्हनलं, मुंबईचं मानूस, आपली आब्रू जायची."

रागवायचं कोणावर? त्या रात्री आम्ही तो रस्सा भाकरीशी जेवलो. मांसाला माशाचा वास येतो. तिखट सढळ हवं.

दुसऱ्या दिवशी भिकाने दुसरा पाणकावळा आणला तो पिसांसकट. मास्तरांनी ओसरीवर जठर उघडलं. आत किड्यांचा झुबका, डोकी भिंतीत रुतवून बसलेला. बाटली कढत पाण्यात धरून स्पिरिट तापवलं; थंडात टाकला तर किडा वेटोळं करून मरतो आणि मग सरळ होत नाही. ग्लिसरीनमध्ये मुरला की काचेसारखा आरपार दिसू लागतो. मी जन्माचा काचवाला, पण भिंगाला डोळा लावला आणि थक्क झालो. तोंडाशी तीन ओठ, त्यांच्या बेचक्यांत धाकटे ओठ. खाली अन्ननलिकेपाशी दोन पिशव्या, एक वर गेलेली, एक खाली, भांडून पाठ फिरवलेल्या जावांसारख्या.

"या पिशव्यांवरून वंश ठरतो," मास्तर म्हणाले. "जात मात्र नराच्या शेपटीवरून. तिथले दोन काटे किती लांब, बारीक गाठी कशा मांडलेल्या, ते बघायचं."

भिका उकिडवा बसून ऐकत होता. "किड्यांतबी जाती लावता व्हय?"

मी छाती फुगवून म्हणालो, "अरे, नवा निघाला तर तुझ्या गावाचं नाव लागेल त्याला! जगभर जाईल!"

"नको बाबा. आदीच आमच्या गावात कोनी पोरी देईना. किड्याचं गाव म्हनतील."

मास्तर हसले, प्रवासात पहिल्यांदाच. हसता हसता ते थांबले. माद्यांच्या गर्दीत एक बारका किडा, शेपूट आत वळलेली. "शेठ," ते कुजबुजले, "नर."

तो त्यांनी काचपट्टीवर घेतला. वरून पातळ काच ठेवायची होती. मी म्हटलं, मी ठेवतो. त्यांनी नको म्हणून मान हलवली. त्यांचा हक्क होता तो. काच टेकली आणि आतून खोकला उसळला. उपरण्यापर्यंत हात पोचला नाही. कोपर आपटलं, बोट काचेवर दाबलं गेलं. बंधाऱ्यावरचे पक्षी उडाले.

शेपटीचा लगदा झाला होता. मास्तरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग तोंड पुसून उपरणं घडी करून खांद्यावर टाकलं. त्यावरचा लाल डाग मला दिसू नये म्हणून तो घडीच्या आत घेतला.

"डोकं शाबूत आहे," ते म्हणाले. "कोणाच्या वंशातला, एवढं कळतं."

उरलेला झुबका आम्ही एकेक करून पाहिला. माद्या. भिका पुन्हा जाळं टाकून आला, रिकामा. परतीच्या गाडीत मास्तर मला पिशव्यांची रचना समजावत राहिले, जणू मीच पुढे शिकवणार होतो. मी ऐकलं. त्याखेरीज देण्यासारखं माझ्यापाशी काही नव्हतं.

जायचं असेल तर थंडीत जा, पक्षी भरपूर असतात. मला त्यांतलं फारसं आठवत नाही. एका खोकल्यासरशी रिकामं झालेलं पाणी आठवतं.

मास्तर सोमवारी इस्पितळात गेले. तो ठेचलेला नर आणि माद्या ठेवलेली बाटली माझ्याकडे देऊन गेले, आणि पावसाळ्याआधी ते वारल्याचं कळलं. मी ती मुंबईच्या त्यांच्या कॉलेजात नेऊन दाखवली. तिथल्या गृहस्थांनी भिंगातून पाहिलं आणि परत दिली. शेपटीवाचून त्यांनाही काही सांगता येईना.

किड्याला नाव नाही.